बारीक टायपातले पणजोबा



आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त मांडलं जायचं. ते पणजोबांचं. बाकी सगळ्यांच्या तिथ्या आजीला तोंडपाठ होत्या आणि दर वर्षी नवं पंचांग घरात आलं की ती त्यांवर शिसपेन्सिलीने खुणा करून ठेवायची. पणजोबांची खूण कुठेच नसे. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्रीला करतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला लहानपणी त्याचा अर्थ कळत नव्हता. कळला तेव्हा आजी राहिली नव्हती. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "ते परागंदा झाले गो. प्लेगात गेले असतील."

या 'असतील'पाशी माझा शोध सुरू झाला. आज जे सांगणार आहे ते या एका शब्दाच्या मागे घालवलेल्या अकरा वर्षांविषयी आहे.

घरात जपलेली हकीकत थोडकी होती. पणजोबा राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. मुंबईला गेले आणि गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. दर दोन-तीन महिन्यांनी मनिऑर्डर यायची. १८९६च्या दिवाळीनंतर एक मनिऑर्डर आली, एक पत्र आलं आणि मग काहीच आलं नाही. घरी पणजी आणि तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा. बारा वर्षं वाट पाहिली आणि मग पालाशविधी केला. पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी दिला. त्या दिवशी पणजीने कुंकू पुसलं. हकीकतीला एक शेपूटही होतं, आणि ते मोठ्यांनी हलक्या आवाजात सांगायचं: चुलत घराने त्यांचा शोध घेतला नाही, कारण त्यांना जमीन हवी होती. या कारणाने दोन घरांत चार पिढ्या पाणी पिण्याचाही व्यवहार नव्हता.

पणजोबांचं नाव मी आज घेणार नाही. घरातल्या थोरांची तशी इच्छा आहे. एवढंच सांगते की ते कोकणात गावोगाव आढळावं असं नाव आहे, आणि त्यामुळे पुढे मला फार त्रास झाला.

साहजिकच मी आधी प्लेगाकडे वळले. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. घरांची तपासणी, रुग्णांना उचलून नेणं, आगगाड्यांवरची झडती हे सगळं सुरू झालं. लाखो माणसं मुंबई सोडून गेली. पुण्यात जूनमध्ये प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, जुलैत टिळकांना अटक झाली, सप्टेंबरात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांचे त्या वर्षीचे अंक मी महिनोन्‌महिने वाचले. प्लेगाने मेलेल्यांचे आकडे त्यांत ओळीने आहेत. अमक्या भागात इतके लागले, इतके दगावले. नावं नाहीत. नाव छापलं जायचं ते वकिलाचं, डॉक्टरचं, शेटजीचं किंवा इनामदाराचं. खिळे जुळवणारा माणूस आकड्यात जमा व्हायचा. आपल्या हाताने इतरांची नावं जुळवून छापायला देणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव त्याच कागदावर कुठे नसावं, याचं मला फार वाईट वाटत राहिलं.

इथे जरा थांबून नावांविषयी बोलते, कारण जुन्या वर्तमानपत्रांत पूर्वज शोधणारा पहिला अडखळतो तो नावापाशीच.

एकोणिसाव्या शतकात आडनाव हे पक्कं ठरलेलं नव्हतं. 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजन यांचं नाव गोविंद विठ्ठल कुंटे. जगन्नाथ शंकरशेट यांचं मूळ आडनाव मुरकुटे. जोतीराव फुल्यांचं घराणं आधी गोऱ्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सकपाळ. ही नावाजलेली माणसं आहेत म्हणून त्यांची जुनी-नवी दोन्ही नावं आपल्याला माहीत आहेत. साध्या माणसाचं काय? पुष्कळदा त्याचं नुसतं नाव आणि वडिलांचं नाव छापलेलं असतं. कधी गावावरून आडनाव पडतं, कधी धंद्यावरून. इंग्रजी पत्रांत तर एकाच आडनावाची चार-चार स्पेलिंगं सापडतात.

या गोंधळात मी एका परक्या माणसामागे आठ महिने घालवले. १८९९च्या एका अंकात ठाण्याच्या कोर्टाची बातमी होती. नाव तेच, वडिलांचं नाव तेच. उसनवारीच्या फिर्यादीत त्याला तुरुंगवास झाला होता. म्हणजे लाजेने घरी परतले नाहीत, अशी माझ्या मनाने खूणगाठ बांधली. आत्याला सांगितलंदेखील. ती दोन दिवस जेवली नाही. पुढे त्याच खटल्याची दुसरी बातमी हाती आली, त्यात गाव दिलं होतं, आणि ते भलत्याच तालुक्यातलं निघालं. तेव्हापासून मी एक नेम पाळते. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि धंदा या चारांपैकी तीन जुळल्याशिवाय घरात तोंड उघडायचं नाही.

दुसरी अडचण लिपीची आणि कालगणनेची. आता बरंच जुनं साहित्य संगणकावर पाहता येतं. एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथसंजीवनी'सारखे प्रकल्प झाले आहेत, आणि त्यांमागे राबणाऱ्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. पण यंत्रात शब्द टाकला आणि माणूस सापडला, असं मराठीत सहसा होत नाही. जुनं लेखन 'नांव', 'गांव', 'त्यांत', 'कां' असं अनुस्वारांनी भरलेलं. ते अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढले. आजच्या रीतीने शब्द टाकला की जुना शब्द निसटतो. शिळाछापाचा मजकूर हाताने लिहिलेला, त्यामुळे यंत्राला तो वाचणं अवघड जातं. वर तारखा बहुधा शकात, महिन्यात आणि तिथीत. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघाला पुढचं वर्ष लागलेलं असतं हे विसरलं, तर आख्खं वर्ष चुकतं.

मी हे सगळं शिकले ते ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत त्या ग्रंथपालांकडून. मी पहिल्यांदा त्यांच्या टेबलापाशी गेले तेव्हा हातात दहा तारखांची यादी होती. त्यांनी ती पाहिली, घडी घालून मला परत दिली आणि म्हणाले, "बाई, अंक मागू नका, फाइल मागा." म्हणजे आपल्याला हवा तो दिवस उघडायचा नाही, वर्षभराचा गठ्ठा पहिल्या पानापासून वाचायचा. बातम्याच नव्हे, जाहिराती, नोटिसा, लिलाव, पोच, पत्रव्यवहार, शुद्धिपत्र, सगळं. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या टायपात राज्य असतं आणि बारीक टायपात रयत असते. माझ्यासारखीला बारीक टायपच वाचला पाहिजे.

त्यासाठी जिल्ह्याची पत्रं हवीत. आपण 'दर्पण', 'केसरी', 'ज्ञानप्रकाश' यांचा इतिहास शिकतो, आणि तो शिकलाच पाहिजे. बाळशास्त्र्यांनी ६ जानेवारी १८३२ला 'दर्पण' काढलं. 'ज्ञानप्रकाश' १८४९पासून शंभराहून अधिक वर्षं चाललं. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ला निघाला. पण रत्नागिरीत १८७१पासून 'सत्यशोधक' निघत होतं, ठाण्यात 'अरुणोदय' होतं, सोलापुरात 'कल्पतरू' होतं. कोणाचा बैल हरवला, कोणाच्या घराचा लिलाव झाला, कोणी शाळेला घड्याळ दिलं, हे सगळं अशा पत्रांत यायचं. ख्रिस्ती कुटुंबांसाठी 'ज्ञानोदय' आहे. १८४२पासून आजतागायत चालू असलेल्या या पत्रात बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, शाळामास्तरांच्या बदल्या सापडतात. सरकारी नोकरीतल्या पूर्वजासाठी मुंबई सरकारचं गॅझेट आहे. त्यात नेमणूक, रजा, परीक्षेचा निकाल, सगळं ओळीने येतं.

आता पणजोबांकडे वळते.

कोकणातल्या एका साप्ताहिकाची शके १८१९ची फाइल मी वाचत होते. कागद असा झाला होता की पान उलटताना त्याचे तपकिरी कण पांढऱ्या साडीवर पडायचे. मी सुती मोज्यांनी पान धरत होते आणि खाली जाड पुठ्ठा सरकवत होते. माघातल्या एका अंकात, शेवटच्या पानावर, तपकिरीच्या जाहिरातीखाली आणि एका वतनाच्या नोटिशीवर, सात ओळी होत्या. मथळा फक्त 'पत्ता पाहिजे'.

मजकूर माझ्या शब्दांत सांगते. अमक्या गावचा अमका, अमक्याचा मुलगा, वय सुमारे अठ्ठावीस, बेताच्या उंचीचा, निमगोरा, डाव्या भुवईवर खोक, छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम जाणतो, बोलताना अडखळतो. मुंबईहून गेल्या सालापासून पत्र नाही. घरी त्याचं कुटुंब व मूल आहे. कोणास ठिकाण ठाऊक असेल त्याने कळवावं, टपालखर्च व तसदीबद्दल काही देऊ.

'बोलताना अडखळतो' हे वाचलं आणि मला पुढचं दिसेना. माझे वडील बोलताना अडखळत. शाळेत मुलं त्यांना चिडवत, म्हणून ते थोडं बोलत. आमच्या घरात हे कुठून आलं, असं कोणी विचारलंच नव्हतं. पणजोबांचा एकही फोटो नाही. या सात ओळी हाच त्यांचा फोटो.

मग मी खालचं नाव पाहिलं. जाहिरात देणारा त्यांचा चुलतभाऊ होता. ज्याने शोध घेतला नाही असं आम्ही चार पिढ्या म्हणत आलो, तोच. पुढचे अंक चाळले तर तीच जाहिरात ओळीने चार वेळा आलेली. खेड्यातल्या कुणबाव्यावर जगणाऱ्या माणसाने चार वेळा पैसे मोजले होते. कायद्याने सात वर्षांनी बेपत्ता माणूस मेला असं धरता येतं. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातच तसं कलम होतं. जमीनच हवी असती तर गप्प बसून सात वर्षं मोजायची होती. शोधाची जाहिरात देणं हे जमीन हवी असणाऱ्याचं लक्षण नव्हे.

त्या अंकाची छायाप्रत घेऊन मी गणपतीत गावी गेले आणि त्या घराची पायरी चढले. आमच्या घरातलं कोणी त्या पायरीवर शंभराहून अधिक वर्षांत चढलं नव्हतं. घरात ऐंशी वर्षांचे काका होते. मी नातं सांगितलं, तर ते उठून आत निघाले. मी नुसता कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग आतल्या बाईंना म्हणाले, "पाणी आण. आणि गूळ." त्यांच्या घरात वेगळी हकीकत होती. आमच्या पणजोबांनी त्यांच्या आजोबांकडून मुंबईला जायला पैसे उसने घेतले आणि बुडवले, अशी. दोन्ही घरं एकेक गोष्ट धरून बसली होती, आणि ते सात ओळींचं सत्य फाइलीत बांधलेलं पडून होतं.

या जाहिरातीतली एक गोष्ट मला अजून टोचते. 'त्याचं कुटुंब व मूल.' पणजीचं नाव नाही. तिने बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहिली, एकटीने मुलगा वाढवला, भात लावला, पण त्या वर्तमानपत्रात ती 'कुटुंब' आहे. तिचं माहेरचं नाव मला कुठल्याही छापील कागदावर मिळालेलं नाही. बायका छापल्या जात त्या बहुधा कोणाची तरी पत्नी, विधवा किंवा मातोश्री म्हणून. आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांचे वंशज शोधायला निघाले, तर त्यांना या जुन्या फाइलींतून आपल्या माणसाऐवजी जातीचं नाव तेवढं मिळतं. १९०८मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं, ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' निघालं, १९२७मध्ये 'बहिष्कृत भारत'. वर्तमानपत्र आपल्या हातात आल्याशिवाय आपली माणसं नावानिशी कागदावर येत नाहीत, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. ज्यांच्याकडे या पत्रांचे सुटे अंक असतील, त्यांच्याकडे अनेक घरांच्या वंशावळी आहेत असं समजा.

जाहिरात मिळाल्यावर माझा शोध संपला असं मला वाटलं होतं. चार वर्षं मी फाइली उघडल्या नाहीत. मग छप्पन्नच्या दुष्काळावर एक टिपण लिहायचं होतं, म्हणून १९००चे अंक मागवले. १८९९-१९००चा तो दुष्काळ. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात. त्यासाठी वर्तमानपत्रांत ठिकठिकाणची वर्गणी जमा होत होती आणि देणाऱ्यांची पोच छापली जात होती. रकानेच्या रकाने नावं. वरती संस्थानिक आणि व्यापारी, त्यांच्या नावांमागे 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री. खाली आणे देणारे. त्यांच्या मागे काहीच नाही.

एका यादीत बडोद्याच्या एका छापखान्यातल्या मंडळींची अकरा नावं होती. नववं नाव पणजोबांचं. वडिलांचं नाव तेच. पुढे कंसात गाव, आमचंच. चार आणे. 'रा. रा.' नाही.

माझे चारही दाखले जुळत होते. तरीही मी सहा महिने कोणाला बोलले नाही. त्या गावात त्या नावाचा आणखी कोणी होता का, हे आधी पाहिलं. जमिनीचे कागद पाहिले, त्या काकांच्या वह्या पाहिल्या, देवळाच्या वर्गणीची यादी पाहिली. दुसरा कोणी निघाला नाही. मग मी मान्य केलं. पणजोबा प्लेगात गेले नाहीत. मुंबई सोडून पळणाऱ्या लोंढ्यातून ते उत्तरेकडे गेले आणि बडोद्यात पुन्हा खिळे जुळवायला लागले. १९००मध्ये ते जिवंत होते, आणि त्यांच्याकडे परक्या दुष्काळग्रस्तांना द्यायला चार आणे होते. घरी मात्र पत्र गेलं नाही.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिने पुतळा जाळला तेव्हा ते जेवत असतील." याला मी काय उत्तर देणार? वर्तमानपत्राने मला पणजोबा दिले, त्यांचा चुलतभाऊ निर्दोष करून दिला, पण पणजीला न्याय दिला नाही. तो त्या कागदाच्या हातात नव्हता. दोन्ही घरं मात्र आता एकमेकांकडे गणपतीला जातात. आणि माझ्या मते पूर्वजांच्या शोधाची किंमत याच्यातच आहे. आपलं कूळ किती थोर हे सिद्ध करायला जो फाइली उघडतो, त्याने त्या उघडू नयेत. तो हवं तेच वाचतो. कागद आपल्याविरुद्ध बोलला तरी ऐकायची ज्याची तयारी आहे, त्यानेच त्या उघडाव्यात.

शेवटी त्या कागदाबद्दल बोलते. माणसांना वाटतं, जितकं जुनं तितकं नाजूक. तसं नाही. 'दर्पण'च्या काळचा कागद चिंध्यांपासून केलेला असे, तो अजून हाताळता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्याच्यात आम्ल असतं, तो उन्हाने, दमटपणाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणजे १८३२पेक्षा १९२०चे अंक आधी जाणार आहेत. आपल्या कोकणच्या हवेत तर फारच लवकर. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहांत मोठ्या पत्रांच्या फाइली आहेत. पण तालुक्याच्या साप्ताहिकांचे अंक कुठे आहेत? ते घरांच्या माळ्यांवर आहेत, जुन्या छापखान्यांच्या पोटमाळ्यांवर आहेत, भांडी गुंडाळलेल्या पेटाऱ्यांत आहेत. बऱ्याच ठिकाणी दर पावसाळ्यानंतर त्यांतला थोडा भाग रद्दीत जातो.

तुमच्या घरी असा गठ्ठा असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका, दोरीने करकचून बांधू नका. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळा, सपाट ठेवा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या, शेवटचं पान आणि जाहिरातींसकट. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो गठ्ठा एकदा या वाचनालयात आणून दाखवा. एकच अंक असला तरी आणा. आतल्या सात ओळी कोणाच्या आहेत, हे तुम्हाला ओळखता येणार नाही, पण त्यांची वाट पाहणारं घर कुठेतरी आहे.